मोठ्या भोकांची गाळणी

चहाच्या गाळणीची भोके चहाच्या पत्तीपेक्षा लहान असतात, म्हणून पत्ती वर राहते आणि चहा खाली उतरतो. पिठाच्या चाळणीचेही तसेच. गाळणे म्हणजे लहान भोकातून मोठा कण जाऊ न देणे, अशी आपली सर्वांची समजूत असते आणि स्वयंपाकघरात ती कधी चुकत नाही. एका जुन्या मोटारसायकलच्या बाबतीत मात्र ही समजूत मला महागात पडली.

पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठी मी काही काळ अमेरिकेत, अ‍ॅरिझोना राज्यात होतो. तिथल्या वाळवंटी भागात सुट्टीच्या दिवशी ‘डर्ट बाइक’ चालवण्याची अनेकांना हौस असते. डर्ट बाइक म्हणजे मातीत, वाळूत आणि खडकाळ वाटांवर चालवायची हलकी मोटारसायकल. हिचे मडगार्ड चाकापासून बरेच वर असते आणि टायरवर मोठे गुटके असतात. १९६८ साली यामाहा कंपनीने ‘डीटी-१’ ही २४६ सीसीची दोन-स्ट्रोक गाडी अमेरिकेच्या बाजारात आणली आणि अशा गाड्यांची तिथे लाटच आली. १९७०च्या दशकातल्या त्या गाड्या आता पन्नाशीला आल्या आहेत. हौशी लोक त्या कोठारांतून शोधून काढतात आणि दुरुस्त करून पुन्हा चालवतात.

मी आणि माझ्या खोलीतल्या सोबत्याने त्याच काळातली, तेवढ्याच ताकदीची एक गाडी घेतली. तिच्या एअर फिल्टरचा जुना फोम हातात घेताच भाकरीच्या पापुद्र्यासारखा चुरला. आम्ही दुकानातून नवा कोरा फोम आणला, जागेवर बसवला आणि खुशीत गाडी पिटाळू लागलो. दोन महिन्यांत इंजिनाचा दम गेला. खोलून पाहिले तर सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर उभे ओरखडे होते आणि पिस्टनच्या रिंगा झिजल्या होत्या. मेकॅनिकने फिल्टरच्या पुढच्या नळीत बोट फिरवले. बोटावर तपकिरी पूड आली. फोम कुठे फाटला नव्हता, सैलही नव्हता. तो उलटसुलट करून पाहत मेकॅनिकने एकच प्रश्न विचारला, “तेल कुठे आहे?”

फिल्टरला तेल लावायचे असते हे मला माहीतच नव्हते. स्वच्छ फोम म्हणजे चांगला फोम, असे मी धरून चाललो होतो. त्या एका प्रश्नामागे किती भौतिकशास्त्र आहे ते पुढे हळूहळू लक्षात आले.

इंजिन किती हवा पिते?

आधी थोडे गणित करू. दोन-स्ट्रोक इंजिन प्रत्येक फेरीत एकदा हवा आत घेते. २४६ सीसीचे इंजिन मिनिटाला ५००० फेऱ्यांनी चालले आणि प्रत्येक वेळी पूर्ण भरले, तर मिनिटाला १२३० लिटर हवा लागेल. प्रत्यक्षात ते पूर्ण भरत नाही. तीन चतुर्थांश भरते असे धरले तर मिनिटाला सुमारे ९०० लिटर, म्हणजे तासाला ५४ घनमीटर हवा होते. सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशा वर्गात १०८ घनमीटर हवा मावते. म्हणजे ही लहानशी गाडी दोन तासांत अख्ख्या वर्गातली हवा पिऊन टाकते.

आता या हवेत धूळ किती? फिल्टर तपासण्याच्या आंतरराष्ट्रीय मानक पद्धतीत दर घनमीटर हवेत १ ग्रॅम धूळ सोडतात. पुढच्या गाडीने उडवलेल्या दाट धुरळ्यातून जावे तशी ही स्थिती. गमतीची गोष्ट अशी, की या चाचणीतील धूळ ‘अ‍ॅरिझोना धूळ’ म्हणूनच ओळखली जाते, कारण ती मुळात तिथल्या वाळवंटातून आणली जात असे. अशा हवेत तासभर गाडी चालवली, तर इंजिनाच्या तोंडाशी ५४ ग्रॅम धूळ येईल. ही साधारण अर्धा कप होते.

वाळवंटातील या धुळीत गारगोटीचा, म्हणजे क्वार्ट्झचा, मोठा वाटा असतो. कठिणपणाच्या मोहस् मापनश्रेणीवर क्वार्ट्झचा क्रमांक ७ आहे. काच साडेपाचच्या आसपास येते. सिलिंडरचे बिडाचे लोखंडही क्वार्ट्झपेक्षा मऊ आणि पिस्टनचे अ‍ॅल्युमिनियम तर फारच मऊ. त्यामुळे धुळीचे कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुतून बसतात आणि पिस्टनचा जणू सँडपेपर होतो. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये तेलाचा जो थर असतो तो अवघा काही मायक्रॉनांचा असतो. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) त्या थराहून मोठे, म्हणजे साधारण ५ ते २० मायक्रॉनांचे कण फार त्रास देतात. दोन-स्ट्रोक इंजिनात तर हवा आधी क्रँककेसमधून जाते. त्यामुळे धूळ सिलिंडरच्या आधी बेअरिंगांनाच गाठते.

भोक मोठे, कण लहान

अशा फिल्टरच्या बारीक फोममध्ये एका इंचात सुमारे ६० छिद्रे असतात. २५.४ मिलिमीटरला ६० ने भागले की एक छिद्र साधारण ०.४ मिलिमीटरचे, म्हणजे ४०० मायक्रॉनांचे निघते. त्यातून २० मायक्रॉनांचा कण अडवायचा आहे! म्हणजे वीस फूट रुंदीच्या दरवाजातून एक फुटाचा चेंडू जाऊ द्यायचा नाही. चाळणीच्या नियमाने हे अशक्य आहे. तरीही योग्य तेल लावलेला फोम हे काम चोख करतो. कसे?

याचे उत्तर वर्गातल्या पंख्यावर पाहायला मिळते. छताचा पंखा दिवसभर वाऱ्यातच फिरतो, तरी त्याच्या पात्यावर धूळ बसते. ती सर्वांत जाड बसते पात्याच्या पुढच्या, हवा कापणाऱ्या कडेवर. हवा या कडेला वळसा घालून निघून जाते. धुळीचा कण मात्र जड असल्याने तेवढ्या चपळाईने वळू शकत नाही. तो जडत्वामुळे सरळ जातो आणि पात्यावर आदळतो. वळणावर बस झपकन वळली की उभे प्रवासी बाजूला फेकले जातात, तसेच हे.

फोमच्या आत हवेला अशी असंख्य वळणे घ्यावी लागतात. फोम म्हणजे एकमेकांना जोडलेल्या बारीक काड्यांचे जाळे. हवा काड्यांना वळसे घालत पुढे सरकते आणि प्रत्येक वळशाला काही कण काडीवर आदळतात.

कोणता कण आदळेल आणि कोणता निसटेल? कणाचे वस्तुमान व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, तर हवेचा रोध (स्टोक्सच्या नियमाप्रमाणे) फक्त व्यासाच्या प्रमाणात. म्हणून जडत्वाने कण जितके अंतर सरळ जाऊ शकतो, ते अंतर व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. फिल्टरचे क्षेत्रफळ ३०० चौरस सेंटिमीटर धरले, तर वरच्या हिशेबाने हवेचा वेग सेकंदाला अर्धा मीटर येतो. या वेगाला क्वार्ट्झचा २० मायक्रॉनांचा कण सुमारे १.६ मिलिमीटर सरळ जाईल, ५ मायक्रॉनांचा ०.१ मिलिमीटर आणि २ मायक्रॉनांचा जेमतेम ०.०१६ मिलिमीटर. फोमच्या काडीची जाडी ढोबळमानाने ०.१ मिलिमीटर असते. तेव्हा २० मायक्रॉनांच्या कणाला काडी चुकवणे अवघड, ५ मायक्रॉनांचा कण कुंपणावर, आणि २ मायक्रॉनांचा कण हवेबरोबर सहज वळून जाणार. सुदैवाने इतके बारीक कण इंजिनाला त्या मानाने कमी त्रास देतात.

मग तेलाचे काम काय?

आदळणे वेगळे आणि चिकटणे वेगळे. कोरड्या काडीवर आदळलेला कण भिंतीवर मारलेल्या चेंडूसारखा उसळतो आणि पुन्हा हवेच्या प्रवाहात सापडतो. काडीवर चिकट तेल असेल तर त्याची ऊर्जा तेलातच जिरते आणि तो तिथेच रुतून बसतो. स्वयंपाकघरातला धूर बाहेर टाकणारा पंखा आठवून पाहा. वर्गातल्या पंख्यापेक्षा त्याच्यावर कितीतरी जास्त धूळ जमते, कारण फोडणीची वाफ त्याच्या पात्यांना आधीच तेल लावून ठेवते.

हा फरक किती मोठा आहे? फोमची जाडी १५ मिलिमीटर असेल तर त्यात छिद्रांचे सुमारे ३५ थर होतात. उदाहरणादाखल समजा, तेल असताना प्रत्येक थर फक्त १० टक्के कण धरतो. तर ३५ थरांनंतर ०.९ चा ३५वा घात, म्हणजे अवघे अडीच टक्के कण पलीकडे जातील. आता समजा, तेल नसल्यामुळे बरेच कण उसळून निघाले आणि प्रत्येक थर ३ टक्केच धरू लागला. तर ०.९७ चा ३५वा घात ०.३४ येतो. म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक धूळ थेट इंजिनात जाईल! एका थरातला लहानसा फरक पस्तीस वेळा गुणला गेला की त्याचे काय होते हे विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी हे उदाहरण चांगले आहे. आमच्या गाडीचे नेमके हेच झाले होते.

वर्गात करून पाहा

काचेच्या दोन पट्ट्या घ्या. एका पट्टीला एरंडेलाचा अगदी पातळ हात लावा, दुसरी कोरडी ठेवा. पुठ्ठ्याचे खोके आडवे ठेवून दोन्ही पट्ट्या आत शेजारी शेजारी उभ्या करा. समोर चिमूटभर बारीक, कोरडी रांगोळी ठेवून सायकलच्या पंपाने हवेचा झोत द्या. (तोंडाने फुंकू नये. नाकातोंडावर रुमाल बांधावा आणि डोळे जपावेत.) मग भिंगातून दोन्ही पट्ट्या पाहा आणि ठरावीक चौकोनातले कण मोजा.

आता तेलाच्या पट्टीवर पुन्हा पुन्हा रांगोळी उडवत राहा. सुरुवातीला बसलेले कण तेल शोषून ओले दिसतील आणि तेही नव्या कणांना धरतील. काही वेळाने वरचा थर कोरडा राहील आणि नवे कण घसरून पडू लागतील. तेल आहे तोवर फिल्टर आहे. धुळीने सगळे तेल पिऊन टाकले की काम थांबते. म्हणूनच धुळीतल्या प्रत्येक फेरीनंतर फिल्टर साफ करतात.

साफ कसा करावा?

आता एकेका पायरीमागचे कारण आपोआप कळेल.

फिल्टर काढण्यापूर्वी त्याच्या भोवतालची माती पुसून घ्यावी, नाहीतर ती उघड्या नळीत पडते. फिल्टर काढल्यावर नळीच्या आत पांढरे फडके फिरवून पाहावे. त्यावर धूळ आली तर फिल्टरमधून किंवा कडेने गळती होत आहे. मग नळीच्या तोंडात स्वच्छ फडक्याचा बोळा घालावा. गाडी सुरू करण्यापूर्वी तो काढायची आठवण ठेवावी!

फोम नुसत्या पाण्याने निघत नाही, कारण धूळ तेलात रुतलेली असते. आधी रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये दाबून दाबून तेल सोडवावे, मग साबणाच्या कोमट पाण्याने धुवावे. पाणी आतून बाहेर सोडावे, म्हणजे धूळ आतल्या स्वच्छ बाजूला ढकलली जात नाही. फोम पिळू नये, तळहातात दाबावा. पिळल्याने बारीक काड्या तुटतात आणि चिकटवलेले सांधे सुटतात.

पेट्रोलने मात्र धुऊ नये. अनेक जण धुतात, पण उणे ४० अंश सेल्सिअसच्या सुमारासही पेट्रोलची वाफ पेट घेऊ शकते. रॉकेलला त्यासाठी ३८ अंशांच्या वर जावे लागते. शिवाय पेट्रोलने फोमचा डिंकही सुटू शकतो. रॉकेल असले तरी काम उघड्यावर, ज्योतीपासून दूर आणि हातमोजे घालून करावे. घाण झालेले रॉकेल गटारात ओतू नये. बरणीत निवळू दिले की वरचे पुन्हा वापरता येते.

धुतलेला फोम सावलीत पूर्ण वाळू द्यावा. पाण्याचा अंश राहिला तर तिथे तेल बसत नाही, आणि जिथे तेल नाही तिथे धुळीला वाट मोकळी.

मग तेल. फोम फिल्टरसाठी मिळणाऱ्या खास तेलात लांब साखळीचे रेणू मिसळून त्याला चिकटपणा आणलेला असतो. इंजिनाचे साधे तेल पातळ. गाडी उभी राहिली की ते खाली उतरते आणि फोमचा वरचा भाग कोरडा पडतो. गिअरचे दाट तेल त्यापेक्षा बरे. तेल सगळीकडे सारखे चोळावे आणि जास्तीचे दाबून काढून टाकावे. फार तेल झाले तर पृष्ठताणामुळे छिद्रांवर पडदे धरतात आणि हवेची वाट बंद होते.

शेवटी फोमच्या कडेला ग्रीसचा पातळ थर लावून तो घट्ट बसवावा. वर्गाचे दार लावून खिडकी उघडी ठेवली तर वारा खिडकीतून येणारच. कडेला अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली तरी तिथून हवा धुळीसकट आत शिरते. मग फोम कितीही चांगला असला तरी व्यर्थ.

बदलायचा असेल तर

पॉलियुरेथेनचा फोम वापरला नाही तरी म्हातारा होतो. त्याच्या एका प्रकारावर हवेतली आर्द्रता परिणाम करते, दुसऱ्यावर ऑक्सिजन आणि प्रकाश. त्यांचे रेणू तुटत जातात आणि फोम चिकट तरी होतो किंवा चुरतो. संग्रहालयांतल्या फोमच्या वस्तूंचेही हेच दुखणे आहे. म्हणून अनेक वर्षे पडून राहिलेली गाडी सुरू करण्याआधी तिचा फोम बोटांनी ताणून पाहावा. तो चुरत असेल तर इंजिन एकदाही फिरवू नये, कारण तो चुरा थेट कार्ब्युरेटरमध्ये जातो.

जुन्या गाडीचा तयार फोम मिळाला नाही तर पत्र्यातून कापून घेतात. हा फोम गादीचा चालत नाही. गादीच्या फोममधील बऱ्याच छिद्रांवर पातळ पडदे असतात. फिल्टरच्या फोममधले पडदे काढून टाकलेले असतात. त्याची एक पद्धत मोठी नाट्यमय आहे. फोम बंद भांड्यात ठेवून त्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन भरतात आणि ठिणगी देतात. क्षणभराच्या ज्वाळेत पडदे वितळतात आणि काड्या शाबूत राहतात.

नव्या फोमने हवेचा रोध बदलला तर कार्ब्युरेटरही तपासावा लागतो. फिल्टर चोंदला की कार्ब्युरेटरमध्ये ओढ वाढते, पेट्रोल जास्त येते आणि स्पार्क प्लग काळा पडतो. उलट, ‘जोर वाढेल’ म्हणून कोणी फिल्टरच काढून टाकला तर मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि इंजिन तापते. दोन-स्ट्रोक इंजिनात तर पिस्टनला भोक पडण्यापर्यंत मजल जाऊ शकते.

आपल्याकडच्या अनेक जुन्या मोटारसायकलींतही तेल लावलेला फोमचाच फिल्टर असे. आजच्या बहुतेक गाड्यांत कागदी फिल्टर असतो. त्याला हा उपाय करू नये. कागद धुवायचा नसतो आणि त्याला घरी तेलही लावायचे नसते. तो ठरल्या वेळी बदलायचा असतो.

आमच्या गाडीला पुढे नवे सिलिंडर आणि नवा पिस्टन बसवावा लागला. फोम तोच राहिला, फक्त या वेळी त्याला तेल होते. अशी एक मोठ्या भोकांची गाळणी प्रत्येक विद्यार्थी रोज शाळेत घेऊन येतो. नाकातले केस एकमेकांपासून चांगले लांब असतात, आत हवेची वाट वळणावळणाची असते आणि सगळीकडे चिकट ओलावा असतो. मोठी धूळ तिथेच अडते. खडूच्या धुळीत दिवस गेला की रुमालावर काय येते, आणि सर्दी नसतानाही नाक ओले का असते, हे मुलांना विचारून पाहा. उत्तराची सुरुवात वर्गातल्या पंख्यापासून करता येईल.